आप्पांची काळी आसारी

मी कापायचं काम करते असं सांगितलं की समोरच्या बाईचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ब्लाउजचे किती घेता?" पूर्वी मी समजावत बसायचे. हल्ली म्हणते, "शिवत नाही, नुसती कापते." मग ती माझ्याकडे जरा निरखून बघते आणि विषय बदलते.

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात आम्ही कार्बन फायबरच्या वस्तू बनवतो. द्राक्षबागांवर औषध फवारणाऱ्या ड्रोनचे हात, सायकलींचे सुटे भाग, आणि वेळ पडली तर कुणी काय सांगेल ते. कार्बन फायबर म्हणजे केसाहून बारीक काळ्या तंतूंचं विणलेलं कापड. त्यावर चिकट रेझिन चढवायचं, साच्यात थरावर थर बसवायचे आणि भट्टीत तापवायचे. बाहेर येतं ते दणकट असतं आणि उचलायला पापडासारखं हलकं. फक्त त्याच्या कडा ओबडधोबड असतात. त्या कापून, घासून नीट करणं हे माझं खातं. खात्यात मी, हाताखाली दोघी जणी, आणि कितीही झाडलं तरी न संपणारा काळा भुगा.

कार्बन कुणालाही कापता येतो. साध्या करवतीनेही तुटतो. पण करवतीच्या दाताला ओढायची खोड असते. तो तंतू कापत नाही, उपटतो. वरचा थर सुटतो, कडेला बारीक काळे काटे उभे राहतात, आणि हे काटे असे वस्ताद की कातडीत गेलेले डोळ्यांना दिसत नाहीत, नुसते बोंबलायला लावतात. म्हणून आम्ही दात असलेलं काही वापरतच नाही. हिऱ्याची बारीक कणी चिकटवलेली चकती घ्यायची, कापायच्या रेघेवर कागदी पट्टी चिकटवायची, खाली टेकू द्यायचा, चकती जोरात फिरवायची आणि हात हळू चालवायचा. भुगा उडू नये म्हणून पाणी. रेघेच्या जरा अलीकडे कापून उरलेलं घासून काढायचं. नाकाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या. घाईच्या माणसाने या कामात पडू नये. मी स्वभावाने घाईची आहे, पण या कामापुरती नाही. त्याचं उट्टं मी घरी स्वयंपाकात काढते.

कड साफ झाली की नाही हे बघायला बाकी लोक कापसाचा बोळा फिरवतात. कुठे एखादा तंतू उभा असेल तर कापूस अडकतो. माझ्या टेबलावर मात्र रेशमाचा तुकडा असतो. माझं माहेर येवल्याचं, आईचा पैठणीचा माग, त्यामुळे रेशमाच्या चिंध्या आमच्या घरात भाजीच्या देठांसारख्या पडलेल्या असत. रेशीम कापसापेक्षा जास्त नखरेल. जिथे अडकायला काही नाही असं आपल्याला वाटतं, तिथेही ते अडकतं. आमचे शेठ म्हणतात, "मॅडम, तुमच्या रेशमातून सुटलेला माल थेट चंद्रावर पाठवतो मी." हे कौतुक नसतं. माल द्यायला उशीर झाला की ते असं बोलतात.

आता येवला म्हटलं की पैठणी सगळ्यांना ठाऊक असते. आमची संक्रांत बाहेरच्यांना तेवढी ठाऊक नसते. भोगी, संक्रांत आणि करी, असे तीन दिवस गावात जमिनीवर फक्त म्हाताऱ्या आणि कुत्री उरतात. बाकी सगळा गाव गच्च्यांवर. हलगीसारख्या हलकडीचा कडकडाट, भोंगे, आरोळ्या, आणि डोक्यावर आभाळात मावणार नाहीत इतके पतंग. दुसरीकडे लोक दोरा फिरकीला गुंडाळतात. आमच्याकडे आसारी असते. मधे एक दांडा, दांड्यावर दोन चाकं, चाकांना धरून बांबूच्या पातळ पात्या, आणि त्या पिंजऱ्यावर गुंडाळलेला दोरा. दांडा एका जागी राहतो आणि पिंजरा त्याच्याभोवती गरगर फिरतो. माझे वडील, म्हणजे आप्पा, दांड्याचं एक टोक काखेत धरायचे आणि दुसरं उजव्या तळहातात. डाव्या हातात दोरा. दुसऱ्या कुणी आसारी धरलेली त्यांना चालत नसे. एसटीत ड्रायव्हर होते, गाडीतही शेजारी बसून कुणी रस्ता सांगितलेला त्यांना चालत नसे.

आप्पांना दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला, ती संक्रांत त्यांनी खालच्या खोलीत घालवली. खिडकी बंद, टीव्ही मोठ्याने लावलेला, म्हणजे गच्चीवरचं ऐकू यायला नको. पाय सुधारला. तोंडाचा वाकडेपणा गेला. उजवा हात उठायला लागला, मूठही वळायला लागली, पण हाताला कळेना. गरम भांडं लावा, बर्फ लावा, सुई लावा, आप्पांचं आपलं "नाय". डॉक्टर म्हणाले, जाणीव येईलही, नाहीही येणार. रोज हाताला वेगवेगळ्या वस्तू लावत राहा. आई रोज सकाळी तांदूळ, वाळू, खरखरीत टॉवेल, मऊ फडकं असा सगळा बाजार मांडून बसायची आणि विचारायची, "कळतं का?" आप्पा पेपर वाचत "नाय" म्हणायचे. पुढे पुढे ती विचारायच्या आधीच म्हणायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात आईचा फोन आला. "आसारी द्यायला निघालेत," ती म्हणाली. "शेजारच्याला. म्हणे, बांबूची आसारी दोऱ्यासकट हाताला झेपत नाय, मग घरात ठेवून काय करायची. संक्रांतीला त्याच्या हातात देणार."

शेजारचे काका म्हणजे आप्पांचे लहानपणापासूनचे जोडीदार. गच्चीला गच्ची लागून. वर्षभर एका ताटात जेवणार आणि तीन दिवस एकमेकांचे पतंग कापणार. त्यांच्या हातात आसारी देणं म्हणजे आप्पांनी पतंग सोडणं. पतंग सोडलेले आप्पा कसे दिसतील ते मी टीव्हीचा आवाज वाढवलेल्या खोलीत एकदा पाहिलं होतं. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

शेठकडे गेले आणि टाकाऊ मालातून एक नळी आणि थोडा पत्रा मागितला. कशाला, म्हणाले. म्हटलं, पतंगाला. त्यांनी माझ्याकडे ब्लाउजवाल्या बाईसारखं बघितलं आणि "न्या" म्हणाले.

त्या आठवड्यात काम सुटलं की मी थांबायचे. जुन्या आसारीची मापं आईकडून फोनवर घेतली. चाकं कापली, पात्या कापल्या, प्रत्येक पातीची कड गोल केली, कारण दोरा त्यावरूनच पळणार. नळीचा दांडा केला, टोकाला रबरी टोपी बसवली. प्रत्येक कडेवरून रेशीम फिरवलं. हाताखालच्या दोघींनाही फिरवायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर एक म्हणाली, "ताई, विमानाचा भाग आहे का हा?" मी म्हटलं, "विमान पडलं तर दुसरं मिळतं."

रविवारी येवल्याला जाऊन आसारी आप्पांच्या हातात दिली, तेव्हा त्यांना आधी वाटलं ती आतून पोकळच आहे. "हिच्यात काय हाय की नाय?" असं म्हणून त्यांनी ती हलवून बघितली. मग काखेत धरली. मग डाव्या हाताने पिंजऱ्याला टिचकी मारली. तो फिरत राहिला, बराच वेळ फिरत राहिला, आणि आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "काळी पैठणीच विणलीय पोरीनं." जवळून बघितलं तर त्या पत्र्यात उभा आडवा धागा दिसतोच. आप्पांनी पुन्हा एक टिचकी मारली. जुनी आसारी काकांना द्यायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही, आणि मी फुशारून नाशिकला परत आले.

भोगीच्या दिवशी दुपारी येवल्याला पोचले. दारातच काका ओट्यावर बसले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कराकरा खाजवत होते.

"काय हो काका, काय झालं?"

"काय नाय, जरा मांजा सुतला." मांजा सुतणं म्हणजे दोऱ्यावर काचेची पूड आणि सरस यांचा लेप चढवणं. काकांचा मांजा गावात प्रसिद्ध होता. अंगणात दोन खांबांना ताणलेला दोरा मला दिसला. दोरा काळा होता.

"हे काळं काय आहे?"

काका खुशीत आले. "तुझाच माल! आप्पा म्हटला, पोरगी ज्यानं लोखंडाला भारी वस्तू करती, त्याची पूड काचेला ऐकन का? येवल्यात आजवर असा मांजा झाला नाय बघ." आणि पुन्हा खाजवायला लागले.

"पूड कुठून आली?"

"आसारी कापली ना सकाळी. जरा लांब होती."

मी घरात शिरले. आप्पा पलंगावर बसले होते, मांडीवर काळी आसारी. दांड्याचं तळहाताकडचं टोक, रबरी टोपीसकट, गायब. काकांच्या लाकूड कापायच्या करवतीने उडवलेलं. उरलेल्या टोकाला झाडूसारखे काळे तंतू पिंजारले होते. वर्तमानपत्रावर भुगा धरून त्यांनी तो सरसात कालवला होता, एक चिमूटसुद्धा वाया घालवली नव्हती. येवल्याचा माणूस पतंगासाठी काहीही वाया घालवत नाही.

मी तोंड सोडलं. भुगा श्वासात जातो, वीज वाहतो, काळा दोरा विजेच्या तारेला लागला म्हणजे काय होईल, आणि काच ती काच असते, हा भुगा दोऱ्याला धार देत नाही, उलट पेन्सिलीसारखा गुळगुळीत करतो, म्हणजे काकांनी खाज विकत घेऊन स्वतःचाच पतंग कापायची सोय केली आहे. काका दारात उभे राहून ऐकत होते. शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात लागला. ते गुपचूप गेले आणि मी सांगितलं तसा दोरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत भरून टाकला. मग मी त्यांना गार पाण्याखाली हात धरायला लावले.

"पण कापलीत कशाला?" मी आप्पांना विचारलं. "माप बरोबर होतं. जुन्या आसारीचंच माप घेतलं होतं."

"जुन्या आसारीचं बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "हात जुना राहिला नाय ना. आता पुरा लांबत नाय तो."

मी आसारीचं माप घेतलं होतं, हाताचं घ्यायचं राहिलं होतं. मी रागाने आईला चहा टाकायला सांगितला. ती आधीच टाकत होती.

"तुम्हाला नाही खाजत?" मी विचारलं.

"डावा खाजतोय की सकाळपासून." आप्पांनी डाव्या मनगटाला ओरखडे काढलेले दाखवले. मग उजवा हात वर करून जरा मिजाशीत म्हणाले, "ह्याला काय नाय. हा पैलवान हाय."

मी तो पैलवान हात उजेडात घेतला. आईचा चष्मा भिंगासारखा धरला. तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल भागात, काळे काटे शिरले होते. एक नाही, पुष्कळ. सकाळपासून ते त्या पिंजारलेल्या टोकावर हात दाबून सराव करत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. दुसरा कुणी असता तर पहिल्या काट्याला आसारी फेकून दिली असती. मी चिमट्याने एकेक काढत होते आणि आप्पा वाकून बघत होते, शेजारच्याचा हात असावा तसे. मला एकदम रडू आलं. मग मी आणखी चिडले, कारण रडत रडत चिमटा धरता येत नाही.

"आसारी मी परत नेते," काटे काढून झाल्यावर मी म्हटलं. "कारखान्यात नीट करून आणते."

"कवा?"

"सुट्टी झाली की."

"उद्या संक्रांत हाय," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे."

"मग जुनी देऊन टाकतो त्याला. उद्याच." त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आई चहा घेऊन मधे उभी होती. "चिंधी बांध की टोकाला," ती म्हणाली. मी म्हटलं, चिंधीच्या आत तंतू सुटतच राहतील. एकदा थर उकलला की शिवण उसवावी तसा वर वर चढत जातो, हातात दांडा पिळला की आणखी चढतो. चिंधीतून काटा बाहेर आला तर यांना कळणार आहे का? आईने टीव्ही बंद केला, आणि आमच्या घरात आप्पांसमोर टीव्ही बंद करायची हिंमत फक्त तिचीच आहे.

मी दांडा पुन्हा बघितला. उकललेला थर नखाने चाचपत गेले. चीर चाकाच्या दिशेने गेली होती, पण चाकापर्यंत नाही. मधे बोटभर जागा चांगली होती. तेवढ्यात कापलं आणि कड साफ निघाली तर तळहाताला टेकायला टोक उरणार होतं. फाटली तर उरणार नव्हतं. दुसरी नळी नाशिकला. आणि माझ्याकडे इथे ना चकती, ना मशीन.

"हिऱ्याची चकती कुठे मिळेल?" मी विचारलं.

"हिऱ्याची?" काका आता ओले हात घेऊन परत आले होते. "सोनाराकडं?"

"फरशीवाला!" आई म्हणाली. बरोबर होतं. फरश्या कापायच्या मशीनला तीच चकती असते, बिनदाताची, कणीची. मागच्या गल्लीत एक फरशी बसवणारा राहायचा. पण भोगीच्या दुपारी येवल्यात फरशीवाला खाली सापडणं शक्य नव्हतं. मी त्यांच्या घराखाली उभी राहून ओरडले. वरून हलकडी वाजत होती. मी आणखी ओरडले. शेवटी गच्चीच्या कठड्यावरून एक डोकं दिसलं, तेही माझ्याकडे नाही, आभाळाकडे बघणारं.

"दादा, मशीन पाहिजे होतं!"

"जिन्याखाली पडलंय ताई, न्या!" तो म्हणाला. "कुठली फरशी फुटली?"

"आप्पांची आसारी!"

तेव्हा मात्र त्याने खाली बघितलं. "चकती नवी घ्या मग," तो म्हणाला, "डब्यात हाय. जुनी पान्यानं काढा."

आमच्या अंगणात मग थाट मांडला. मी जाड बाह्यांचा आप्पांचा जुना खाकी शर्ट घातला, नाकाला मास्क. काकांना लांब उभं केलं, त्यांची खाज अजून गेली नव्हती. पाटाच्या दोन तुकड्यांमधे दांडा बसवला. कापायच्या जागी कागदी पट्टी गुंडाळली, त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. रेघ मारायच्या आधी आप्पांना आसारी काखेत धरायला लावली आणि हात आपोआप कुठे येतो ते बघितलं. या खेपेला माप हाताचं घेतलं. रेघ नेमकी त्या बोटभर जागेतच आली, जेमतेम.

"पाणी कोण घालणार?" मी विचारलं. "बारीक धार पाहिजे, आणि मशीनवर नाही, नळीवर."

आप्पा उठले. डाव्या हातात तांब्या घेतला. "एसटीचं इंजिन तापलं की मीच घालायचो," म्हणाले.

नळी कापताना एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं नसतं. बाहेर पडताना चकती शेवटचे तंतू ढकलून फाडते. म्हणून नळी फिरवत फिरवत, सगळीकडून थोडं थोडं आत जायचं. मी कापत होते, आई नळी फिरवत होती, आप्पा पाणी सोडत होते. मागावर बसून आईच्या हाताला सावकाश सरकवायची सवय आहे, त्यामुळे मला एकदाही "हळू" म्हणावं लागलं नाही. हे आमच्या घरात पहिल्यांदा घडत होतं. खाली काळं पाणी परातीत साठत होतं आणि काका लांबून मान उंच करून विचारत होते, "झाली का?" शेवटी पिंजारलेला तुकडा टप्पकन परातीत पडला.

मी मशीन बंद केलं आणि पट्टी काढली. कड गोल, काळी, शांत. फाटली नव्हती. मग ओल्या पॉलिश पेपरने घासली, बाहेरून आत, एकाच दिशेने, म्हणजे थर उचकटत नाही. शेवटी झटपट सुकणारा पातळ डिंक कडेवरून फिरवला. तो तंतूंच्या मधे मुरतो आणि त्यांना धरून ठेवतो. सुकल्यावर पुन्हा घासली. परातीतलं पाणी गाळून गाळ पिशवीत बांधला, काकांच्या नजरेसमोर.

"रेशीम दे," मी आईला म्हटलं. ती आत गेली आणि चिंधीऐवजी मागावरून नुकत्याच उतरलेल्या पैठणीतला उरलेला, हिरवा, कोरा तुकडा घेऊन आली. कडेवरून फिरवला. एकदा आणि उलट्या दिशेने एकदा. कुठेच अडकला नाही.

आप्पांनी आसारी घेतली, उजवा तळहात टोकावर टेकवला, जरा दाबला आणि म्हणाले, "गुळगुळीत हाय."

बाभळीच्या काट्यावर टेकवला असता तरी तो हात हेच म्हणाला असता. आप्पांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी आसारी उचलली, दांड्याचं ते टोक स्वतःच्या गालाला लावलं आणि डोळे मिटून सावकाश फिरवलं, कानापासून हनुवटीपर्यंत. संक्रांतीसाठी सकाळीच दाढी केली होती.

"आता गुळगुळीत हाय," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी काकांना जुनी आसारी मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही. ते काचेची पूड कुटत बसले होते.

संक्रांतीच्या दिवशी जिन्यावरून आप्पांना वर न्यायला मी हात पुढे केला, तर "आसारी धर" म्हणाले आणि कठड्याला धरून स्वतः चढले. आसारी वर पोचल्याबरोबर काढून घेतली. पहिले दोन पतंग काकांनी कापले. प्रत्येक वेळी शेजारच्या गच्चीवरून "गई बोला रे धिन्ना" अशी आरोळी उठली आणि हलकडीवाल्याने आमच्याकडे तोंड करून वाजवलं. आप्पा शिव्या देत होते, घाम पुसत होते, डाव्या हाताने दोरा ओढायची नवी ढब जमवत होते. उजव्या काखेत काळा दांडा, टोकावर तळहात. पिंजरा सुटला की नुसता सरसर आवाज यायचा. तिसरा पतंग टिकला. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो इतका वर गेला होता की माझी नजर पोचत नव्हती. आप्पांची पोचत होती. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि थोडा माझाही.

आई तिळगुळाची ताटली घेऊन वर आली. पतंग वाऱ्यावर स्थिर होता, दोरा डाव्या हातात, उजवा हात जरा मोकळा होता. आईने तो हातात घेतला. तिला कालचे काटे डोळ्यांसमोरून जात नव्हते. तिच्या कमरेला तो हिरवा रेशमाचा तुकडा खोचलेला होता. तिने तो काढला आणि आप्पांच्या तळहातावरून, मी कडेवरून फिरवते तसा, हलकेच ओढला. कुठे काटा असेल तर अडकेल म्हणून.

"अगं, गुदगुल्या काय करती," आप्पा म्हणाले. त्यांची नजर वर पतंगाकडे होती.

आईचा हात थांबला. मी हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला.

"कुठं?" आईने विचारलं.

"काय कुठं?"

"गुदगुल्या कुठं झाल्या?"

आप्पांनी मान खाली केली. स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग आईकडे, मग तिच्या हातातल्या रेशमाकडे. आईने बोटांवरून तुकडा फिरवला. "इथं?" "नाय." तळव्याच्या मधून फिरवला. "इथं?" "नाय." मग पुन्हा अंगठ्याखाली, जिथून मी काल काटे काढले होते तिथे. आप्पांचा हात झटकन मागे आला.

शेजारच्या गच्चीवर एकदम गलका झाला. डाव्या हातातला दोरा सैल पडला होता. काकांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "आप्पा! अरं गेला तुझा! वर बघ, गेला!" हलकडी आमच्या दिशेने कडकडायला लागली. आप्पांचा पतंग दूर आभाळात हेलकावे खात निघाला होता.

आप्पांनी वर बघितलं नाही. जन्मात कधी कटलेल्या पतंगाला ते "जाऊ दे" म्हणाले नव्हते.

"जाऊ दे," ते म्हणाले आणि उजवा हात आईच्या पुढे केला. "परत फिरव."